घटपर्णी आणि हळदीचे कागद

घटपर्णी मेली नव्हती, सगळी अडचण तिथेच होती. मेली असती तर कुणाशी वादच घालावा लागला नसता. सुकलेलं झाड उचललं असतं, मॅनेजर मॅडमच्या टेबलावर ठेवलं असतं आणि म्हटलं असतं, हे बघा, तुमच्या तणनाशकाचं काम. पण ती हिरवीगार उभी होती. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय मजेत आहे झाड!

मी विद्यापीठात वनस्पतींवर संशोधन करते. आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर एका खासगी संस्थेचं आवार आहे आणि त्याच्या मागे एक टेकडी. सिंगापूरच्या नकाशात ती सापडणार नाही, इतकी लहान. पूर्वी कधीतरी इथे मिरी आणि गँबियरचे मळे होते. गँबियर म्हणजे विड्यात घालतात तसल्या काताचं झाड. त्या मळ्यांनी मातीतलं सगळं ओरबाडून घेतलं, मालक पुढच्या टेकडीकडे निघून गेले आणि मागे राहिली आंबट, भुकेली, पिवळट माती. अशा मातीवर पुन्हा मोठं जंगल उभं राहत नाही. तिथे राहतात ती चिवट मंडळी: जाड पानांची झुडपं, खरखरीत नेचे, जांभळ्या फुलांच्या जाळ्या. युरोपात अशा उजाड माळावरच्या झुडपांना हीथ म्हणतात. मला मात्र ही टेकडी पहिल्यांदा बघताना कोकणातला कातळसडा आठवला. तिथेही मातीत काही नसतं आणि म्हणूनच तिथे जे उगवतं ते दुसरीकडे कुठे उगवत नाही.

या टेकडीवर घटपर्णी आहे. तिच्या पानाच्या टोकातून एक दोरा निघतो, दोऱ्याच्या टोकाला पेला लोंबतो, पेल्याला झाकणसुद्धा असतं. मातीतून मिळत नाही ते ती या पेल्यात पडलेल्या मुंग्या-माश्यांतून मिळवते. पेला म्हणजे तिचं ताट. आणि टेकडीच्या खालच्या अंगाला, जिथे परदेशी वेल माजली म्हणून फवारणी झाली होती, तिथल्या घटपर्णींना पेलेच येत नव्हते. पान येत होतं, दोरा निघत होता आणि टोकाशी काळा होऊन वाळत होता. एकीला नाही, दोघींना नाही, त्या अख्ख्या पट्ट्यात. वरच्या अंगाला मात्र पेले लटकलेले, लालसर, तुडुंब. ऊन तेच, पाऊस तोच, माती तीच.

आणि वरच्या अंगाची फवारणी येत्या गुरुवारी ठरली होती.

मी मॅनेजर मॅडमना टेकडीवर घेऊन गेले. संस्थेच्या आवाराची देखभाल त्याच बघतात. साठीच्या आसपासच्या, टोकदार छत्री घेऊन चालणाऱ्या, बोलण्यात अजिबात वेळ न घालवणाऱ्या. त्यांनी छत्रीच्या टोकाने एक घटपर्णी हलवली.

"हिरवी आहे."

"हो, पण पेले नाहीत."

"मेलेली कुठाय? एक दाखव."

"मॅडम, हिला जेवायला ताटच नाही. आज हिरवी आहे, पुढे काय?"

"पुढचं पुढे लाह." हे 'लाह' इथल्या लोकांच्या वाक्यांना शेपटासारखं चिकटलेलं असतं. त्यांनी छत्री वेलीकडे वळवली. "हे बघ. ही माझी सगळी झाडं खातेय. मी हिला मारते, तू मला थँक यू म्हणायला पाहिजे. आणि फवारा वेलीवर मारतात. तुझ्या झाडावर कोण मारतंय?"

वेलीबद्दल त्यांचं खोटं नव्हतं, हे मला तेव्हाच कबूल होतं. ती वेल खरंच झुडपांच्या डोक्यावर गोधडीसारखी पसरली होती. पण गोधडी काढायची म्हणून खाली झोपलेल्याला कोणी विष पाजतं का? हे वाक्य माझ्या मनात तयार झालं आणि क्षणात मला त्याचा मथळाही दिसला, ठळक टायपात, शेवटी उद्गारचिन्ह.

तशी सवयच आहे मला. आमच्या सांगलीच्या घरी पत्रकं असायची. बाबा लिहायचे, आई तपासायची आणि आम्ही मुलं त्यांच्या घड्या घालायचो. धरणग्रस्तांची, बालवाडी ताईंच्या मानधनाची, पाण्याच्या टाकीची. मला वाचता यायला लागलं ते बाराखडीच्या पुस्तकावरून नव्हे, "जाहीर आवाहन" या दोन शब्दांवरून. आमच्यात भांडण झालं तर मी रुसून कागदावर मागण्या लिहायची आणि आई त्यातलं शुद्धलेखन लाल पेनाने तपासून परत द्यायची. त्यामुळे जगात काही चुकलं की आधी पत्रक काढायचं, हे माझ्या हाडात बसलं आहे.

मी वुडलँड्सला एका ताईबरोबर फ्लॅटमध्ये राहते. ती पुण्याची, आयटीत मॅनेजर, माझ्याहून बरीच मोठी. नवरा पुण्यात, ही इथे, आणि दोघांच्या मधे रोजचा व्हिडिओ कॉल. त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती आणि मी ओट्याला टेकून माझं पत्रक तिला वाचून दाखवत होते.

"टेकडीवरचा विषप्रयोग थांबवा! हिरवेपणाच्या बुरख्याआड चाललेली..."

"हे कुठे लावणार आहेस?"

"त्यांच्या आवाराच्या गेटवर. बसस्टॉपवर. लिफ्टमध्ये."

तिने लाटणं खाली ठेवलं. "बाई, हे सांगली नाही. इथे भिंतीवर कागद चिकटवायचा तर आधी भिंतीच्या मालकाला विचारावं लागतं. तुझा स्टुडंट पास आहे, माझा ईपी, नोकरीचा पास आहे. दोन्ही एकाच विमानाने परत जातील."

"म्हणजे गप्प बसायचं?"

"गप्प बस म्हटलं का मी? अगं, त्या बाईने तुला एक प्रश्न विचारलाय. तुझ्या झाडावर कोण मारतंय? त्याचं उत्तर या तुझ्या पत्रकात कुठेय? नुसतं विष, विष, विष. मलाही कळलं नाही, विष वेलीवरून घटपर्णीवर गेलं कसं."

"वाऱ्याने! बारीक थेंब असतात. डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत."

"मग दाखव की दिसत नाहीत ते."

मला राग आला, कारण ती बरोबर बोलत होती. असे थेंब टिपणारे खास कागद असतात, ते मागवायचे तर गुरुवार उलटून गेला असता. मी रागारागाने जेवायला बसले आणि रागातच वरणाची वाटी कुर्त्यावर उपडी केली. पांढरा कुर्ता. ताई ओरडली, "धू आधी ते!" मी बेसिनपाशी जाऊन डागावर साबण घासला आणि पिवळा डाग बघता बघता लालभडक झाला.

प्रत्येक मराठी घरात हे शेकडो वेळा झालेलं असतं. माझ्याही घरात झालं होतं. पण त्या दिवशी मी तो डाग बघत उभी राहिले.

"ताई! हळद!"

"माहितीय मला हळद. वरणात घालतात."

"हळदीत चुना घातला की कुंकू! हळदीचे कागद करायचे, टाकीत चुन्याचं पाणी भरायचं आणि फवारायचं. जिथे थेंब पडेल तिथे लाल! दिसेल! सगळ्यांना दिसेल!"

मी ओला कुर्ता हातात घेऊन स्वयंपाकघरात नाचत होते. ताईने शांतपणे पोळीचा घास मोडला.

"तुझी टेकडी आंबट मातीची ना गं? रोज ऐकवतेस मला. आंबट माती, भुकेली माती. मग तिच्यावर चुना फवारणार? म्हणजे ते विष घालतात ते वाईट आणि तू चुना घालणार ते चांगलं?"

मी जागच्या जागी थांबले. आंबट मातीतल्या झाडांना चुना म्हणजे दुसरं विषच. तत्त्व बोलायला सोपं असतं, टाकीत काय भरायचं हे ठरवताना ते आडवं येतं. पण मला थांबायचंच नव्हतं. उत्तर तिथेच, बेसिनखाली होतं: धुण्याचा सोडा. तो पाण्यात घालायचाच नाही. तो कागदावर ठेवायचा. हळद लावलेला कागद वाळवायचा, त्यावर कोरडा सोडा भुरभुरायचा. कोरडं आहे तोवर पिवळं. टाकीत नुसतं नळाचं पाणी. पाण्याचा थेंब पडला की सोडा विरघळणार आणि हळद तिथल्या तिथे लाल होणार. टेकडीवर जाणार फक्त पाणी, तेही जेमतेम पावसाच्या भुरभुरीइतकं.

आम्ही करून पाहिलं. सॅनिटायझरमध्ये हळद कालवली, जाड कागदावर ब्रशने ओढली, पंख्याखाली वाळवली, वर सोडा चाळला. ताईने बोटं नळाखाली धरून कागदावर झटकली. टिकल्या उमटल्या. एकदम, लख्ख, मोजून घ्याव्यात अशा.

"आई गं," ताई म्हणाली. मग लगेच, "माझी निम्मी हळद संपवलीस. नवरा पुण्याहून पाठवतो ती."

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना गाठलं आणि अट घातली. बुधवारी सकाळी, नेहमीच्या माणसाने, नेहमीच्या पंपाने, नेहमीच्या पद्धतीने फवारा मारायचा. जिथे गुरुवारी फवारायचं त्याच वरच्या अंगाच्या वेलीवर, फक्त धुतलेल्या टाकीत साधं पाणी. तिथल्या घटपर्णींपर्यंत एकही थेंब पोचला नाही तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही.

"पाणी फुकट आहे म्हणून हो म्हणते," त्या म्हणाल्या. "आणि तू रोज येऊन बसतेस, माझा चहा संपतो."

मंगळवारी संध्याकाळी आम्ही कागद केले, गठ्ठा करून टेबलावर ठेवले आणि झोपलो. पहाटे मी उठून बघते तर सगळे कागद लाल. पूर्ण. विटकरी. एकाही कागदावर पिवळं शिल्लक नाही. कुणी पाणी सांडलं नव्हतं, खिडकी फक्त उघडी होती. सिंगापूरची हवा! हवेतलं पाणी सोड्याने रात्रभर पिऊन घेतलं होतं. ही चूक फक्त आम्हीच करू शकत होतो, कारण ज्या कोरड्या हवेत आम्ही वाढलो तिथे सोड्याचा पुडा वर्षभर उघडा राहिला तरी खडखडीत असतो.

"संपलं," मी जमिनीवर बसकण मारली. "आज बुधवार. उद्या गुरुवार."

ताई नाइटड्रेसमध्ये, केस विस्कटलेले, कमरेवर हात. "पत्रकवाली, ऊठ. पापड कसे टिकवतो आपण इथे?"

पापड! पुण्याहून आलेले पापड या शहरात उघडे ठेवले तर दुपारपर्यंत चामड्यासारखे होतात. म्हणून तिच्याकडे घट्ट झाकणाचा एक पत्र्याचा डबा आहे आणि त्यात तळाशी भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी. तिने पापड काढून ताटात ओतले, तांदूळ कढईत पुन्हा भाजले. मी बेडरूममध्ये एसी लावून, दार बंद करून, उरलेल्या हळदीचे नवे कागद रंगवले आणि हेअर ड्रायरने वाळवले. हळद कमी पडली म्हणून कागद अर्धे अर्धे कापले. सोडा टाकला की कागद लगेच डब्यात, लगेच झाकण. ताईने ऑफिसला कळवलं की उशीर होईल. कारण काय लिहिलंस, मी विचारलं. "लिहिलं, घरगुती आणीबाणी. पापड मऊ पडताहेत माझे, ही आणीबाणीच आहे."

एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, तो डबा मी मांडीवर, दोन्ही हातांनी धरून बसले होते. समोरच्या आजोबांनी दोनदा त्याच्याकडे पाहिलं. आत खाऊ आहे असं त्यांना वाटलं असावं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आजोबा, आत पुरावा आहे!

टेकडीवर मॅडम छत्री घेऊन उभ्या होत्या. फवारणारे दादा बांगलादेशचे होते, पाठीवर पंप, त्यांच्याशी मी हिंदीतून बोलत असे. त्यांनी टाकी माझ्यासमोर पुन्हा पुन्हा विसळली. मी कपड्यांच्या चिमट्यांनी कागद काठ्यांना लावत वर चढले: वेलीपाशी, मग तिच्या वर, मग थेट पेलेवाल्या घटपर्णींमध्ये. काही कागद ताईने इमारतीच्या पलीकडच्या बाजूला नेऊन लावले, जिथे थेंब पोचणंच शक्य नव्हतं. हवेनेच लाल होत असतील तर तेही होतील, म्हणजे आमच्याच हातून आमची फसवणूक नको. आणि एक कागद मी मॅडमच्या हातात दिला. त्या लांब, पायवाटेवरच्या छपराखाली उभ्या राहिल्या.

"दादा, जैसे हमेशा करते हो, वैसे ही," मी म्हणाले.

"जी दीदी."

फवारा सुरू झाला. पाण्याचं धुकं वेलीवर पडलं, नेमकं, व्यवस्थित. दादांच्या कामात खोट नव्हती. टेकडीवर वारा आहे असं मला जाणवतसुद्धा नव्हतं, गालाला लागेल इतकाही नाही. पोचलंच नाही तर? तोंड बंद ठेवण्याचं वचन मी दिलेलं होतं आणि ते मी पाळणार होते, तेच तर भयंकर होतं.

मी वर धावले. पहिली काठी: लाल टिपके, गच्च. हे अपेक्षितच होतं. तिच्या वरची: टिपके. तिच्याही वरची: बारीक, राईएवढे, पण टिपके. घटपर्णींमधल्या कागदापाशी मी गुडघ्यावर बसले. सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके होते. थोडे, पण होते. ज्या पेल्यांना मी वाचवायला आले होते, त्यांच्या झाकणांवर तसलेच थेंब आता चमकत असणार.

"ताई!" मी किंचाळले. "पोचलं! इथपर्यंत पोचलं!"

मॅडम छत्री टेकवत वर आल्या. माझ्या हातातला कागद त्यांनी डोळ्यांजवळ नेला. "घाम आहे. तुझ्या हाताला घाम आहे."

"घामाचा डाग असा पडतो." ताईने पुढे होऊन स्वतःचा अंगठा एका कोऱ्या कागदावर दाबला. फराटा उमटला, रुंद, पुसट. "आणि पलीकडचे कागद मी आत्ता बघून आले. सगळे पिवळे आहेत."

मग मॅडमना आठवलं आणि त्यांनी स्वतःच्या हातातला कागद उलटा करून पाहिला. तोच, जो छपराखाली, वेलीपासून इतक्या लांब त्यांनी धरला होता. कडेला त्यांच्या बोटांचा फराटा. आणि मधोमध, स्वच्छ पिवळ्या हळदीवर, लाल ठिपके.

"अलामाक!" त्या म्हणाल्या. इथे असं म्हणतात, आपल्याकडे अगंबाई म्हणतात तसं. "माझ्यावर पण?"

दादांनी पंप खाली ठेवला. ते स्वतःच्या बाहीकडे बघत होते. मला माझी सगळी तयार वाक्यं आठवली, विषप्रयोग, बुरखा, जाहीर निषेध. आणि पहिल्यांदाच त्यातलं एकही म्हणावंसं वाटलं नाही. कागद बोलत होता.

मॅडमनी तिथेच, उभ्या उभ्या, ठरवलं. त्यांना वेळ घालवायला आवडत नाही. उद्याची फवारणी रद्द. दादांना आधी मास्क आणि लांब हातमोजे. खालच्या अंगाला वेल बुंध्यापाशी कापायची आणि तुटलेल्या टोकावर ब्रशने औषध लावायचं, हवेत काही उडवायचं नाही. वरच्या अंगाला औषधच नाही.

"मग वरच्या वेलीचं काय?" मी विचारलं.

"तू," त्या म्हणाल्या आणि छत्रीचं टोक माझ्याकडे रोखलं. "हाताने उपटायची. तुला झाडं आवडतात ना? पुढच्या पावसाळ्यापर्यंत वेल त्या झाडाच्या शेंड्यावर दिसली, तर मी पुन्हा पंप बोलावणार. मग रडायचं नाही लाह."

"नाही रडणार!"

"ही पण येणार," त्यांनी ताईकडे बोट केलं. "हिला जास्त कळतं."

ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तेव्हापासून आमचे रविवार टेकडीवर जातात. वेल उपटणं हे काम पत्रक लिहिण्याइतकं सोपं नाही. तुकडा राहिला की तुकड्यातून पुन्हा फुटते. मुळापासून काढायची, पिशवीत भरायची, मातीला टेकू द्यायची नाही. मी माझ्या विद्यापीठातल्या मुलांना ओढून आणलं, ताईने ऑफिसातल्या दोघींना भरीला घातलं. ताई दर रविवारी म्हणते, हा शेवटचा. आणि दर शनिवारी रात्री हातमोजे धुऊन वाळत घालते.

खालच्या अंगाच्या घटपर्णींना अजून पेले आलेले नाहीत, हे इथे स्पष्ट लिहायला हवं. नवी पानं येतात, दोरा निघतो, मी प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला बोट न लावता बघते. बहुतेक काळे पडतात. गेल्या रविवारी मात्र एका दोऱ्याचं टोक काळं नव्हतं. ते फुगलं होतं, तांदळाच्या दाण्याएवढं, वर वळलेलं, हिरवं. त्याचा पेला होईल की नाही, मला सांगता येत नाही. मी ताईला हाक मारली. तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "आता याला तुझं पत्रक वाचून दाखवू नकोस. घाबरेल."

त्या बुधवारचे कागद आम्ही पापडाच्या डब्यातच ठेवलेत. मॅडमनी त्यांचा ठिपकेवाला कागद प्लास्टिकमध्ये घालून ऑफिसच्या नोटीसबोर्डवर लावला आहे, स्वतःच्या भिंतीवर, स्वतःच्या परवानगीने. त्यावर एक अक्षर नाही. मी त्याचा फोटो घरी पाठवला आणि लिहिलं, आई, हे माझं इथलं पहिलं पत्रक.

तिचं उत्तर लगेच आलं. "शुद्धलेखनाची एकही चूक नाही. शाब्बास. पण खाली मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव नाही, असं पत्रक काढता येत नाही."

मी ताईला ते वाचून दाखवलं. ती भाजलेले तांदूळ डब्यात ओतत होती.

"लिही," ती म्हणाली. "मुद्रक, वारा. प्रकाशक, मी. हळद माझी होती."